गिरणीच्या फाटकावरचा सरकारी माणूस : कारखाना निरीक्षकाच्या पेशाचा इतिहास

१/२९
१८३३ साली ब्रिटनमध्ये सुमारे ३,००० कापड गिरण्या होत्या आणि त्यांवर देखरेख ठेवण्यासाठी सरकारने माणसे नेमली अवघी चार. एका नव्या पेशाचा हा आरंभ होता. आज आपण ज्यांना कारखाना निरीक्षक, सुरक्षा अधिकारी किंवा औद्योगिक आरोग्यतज्ज्ञ म्हणतो, त्या साऱ्यांची वंशावळ या चौघांपर्यंत जाऊन भिडते. या धाग्यात त्या पेशाची कथा पाहू : लँकेशायरपासून मुंबईपर्यंत आणि मुंबईपासून भोपाळपर्यंत.

२/२९
कामगारांच्या इतिहासात आपण कायद्यांची सनावळी पाठ करतो : १८८१, १८९१, १९११, १९४८. परंतु कायदा झाला त्या दिवशी गिरणीतले चाक थांबत नाही. तो पाळला जातो की नाही, हे पाहायला कोणीतरी फाटकातून आत जावे लागते. तो कोण, त्याला पगार कोण देतो, आत गेल्यावर समोर दिसणारे त्याला कळते का, आणि पाहिलेले तो उघडपणे लिहू शकतो का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर कामगाराचा हात शाबूत राहणे अवलंबून असते. पुढील सारा इतिहास याच चार प्रश्नांचा आहे.

३/२९
प्रारंभ एका फसलेल्या प्रयोगाने झाला. १८०२ साली ब्रिटिश पार्लमेंटने गिरण्यांत उमेदवारी करणाऱ्या मुलांसाठी कायदा केला. तो मांडणारे सर रॉबर्ट पील हे स्वतः गिरणीमालक होते. पुढे पंतप्रधान झालेल्या पील यांचे ते वडील. मुलांकडून दिवसाला १२ तासांहून अधिक काम घेऊ नये, रात्रपाळी टप्प्याटप्प्याने बंद करावी, भिंतींना वर्षातून दोनदा चुना द्यावा, हवा खेळती ठेवावी, अशा त्याच्या तरतुदी. कागदावर कायदा उत्तम होता.

४/२९
मग तपासणी कोणी करायची? कायद्याने सांगितले : त्या त्या भागातील मॅजिस्ट्रेटांनी दोन पाहुणे नेमावेत, एक मॅजिस्ट्रेट आणि एक धर्मोपदेशक. दोघांचाही गिरणीशी संबंध नसावा. काम बिनपगारी.
परिणाम सांगायला नकोच. ज्याच्या पंगतीला रविवारी बसायचे, त्याच्याच गिरणीत सोमवारी दोष कसे काढायचे? बहुतेक ठिकाणी असे पाहुणे नेमलेच गेले नाहीत. जेथे नेमले तेथेही कायदा बव्हंशी निजूनच राहिला. शेजारधर्म आणि देखरेख यांचे एकत्र नांदणे कठीण, हा १८०२ चा धडा.

५/२९
एकतीस वर्षांनी तो धडा कामी आला. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत (रेशमाच्या गिरण्या वगळता) ९ वर्षांखालील मुलांना बंदी केली. ९ ते १३ वयाच्या मुलांना आठवड्याला ४८ तास, तर १३ ते १८ वयाच्या मुलांना ६९ तासांची मर्यादा घातली. पण या कायद्याचे खरे नावीन्य तासांत नव्हते. त्याने सरकारी तिजोरीतून पगार घेणारे, स्थानिक हितसंबंधांपासून दूर असलेले आणि कामकाज चालू असताना गिरणीत शिरण्याचा हक्क असलेले निरीक्षक निर्माण केले. मालकाच्या खाजगी मालमत्तेत राज्यसंस्थेने कामगारासाठी पाऊल टाकले ते येथे.

६/२९
ते चौघे म्हणजे रॉबर्ट रिकार्ड्‌स, लिओनार्ड हॉर्नर, थॉमस जोन्स हॉवेल आणि रॉबर्ट सॉन्डर्स. आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, यांतील रिकार्ड्‌स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील सेवेत राहून गेलेले गृहस्थ. म्हणजे जगातील पहिल्या पगारी कारखाना निरीक्षकांपैकी एकाने मुंबई पाहिली होती, आणि तीही तेथे एकसुद्धा गिरणी उभी राहण्याच्या कितीतरी आधी.

७/२९
हॉर्नर हे मूळचे एडिंबराचे. ते भूगर्भशास्त्रज्ञ होते आणि प्रसिद्ध भूवैज्ञानिक चार्ल्स लायल यांचे सासरे. खडकांचे थर वाचणारा हा माणूस पुढे हजेरीपटांचे थर वाचू लागला. १८३६ साली रिकार्ड्‌स पायउतार झाल्यावर लँकेशायरचा अवघड प्रांत हॉर्नर यांच्याकडे आला आणि १८५९ पर्यंत ते या सेवेत राहिले. निरीक्षकाचा पेशा कसा असावा, याचा नमुना त्यांनी घालून दिला.

८/२९
पहिली अडचण अगदी साधी होती : मुलाचे वय किती? इंग्लंडमध्ये जन्मनोंदणीची नागरी व्यवस्था १८३७ मध्ये सुरू झाली. तोवर आईबाप सांगतील ते वय, आणि भूक पाठीशी असली की वय वाढवून सांगितले जाई. डॉक्टरने मुलाची उंची पाहून दाखला द्यायचा, पण उंची फसवी. १८३७ मध्येच एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने दातांवरून वय ओळखण्याची पद्धत मांडणारी पुस्तिका लिहिली, तीही गिरणीतल्या मुलांच्याच संदर्भात. देखरेखीच्या गरजेतून शास्त्र कसे पुढे सरकते, याचे हे एक बोलके उदाहरण.

९/२९
पहिल्या अकरा वर्षांत निरीक्षकाला स्वतः नियम करण्याचा आणि गुन्हेगारास शिक्षा देण्याचाही अधिकार होता. १८४४ च्या कायद्याने ते अधिकार काढून घेतले. निरीक्षकाने खटला भरावा आणि निवाडा न्यायासनाने करावा, अशी घडी बसली. त्याच कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण सक्तीचे केले आणि अपघात कळवण्याचे बंधन घातले. कामाचे तास मोजणारा निरीक्षक आता चाके, पट्टे आणि दंड यांकडेही पाहू लागला.

१०/२९
हे कुंपण म्हणजे काय, ते समजण्यासाठी तेव्हाची गिरणी डोळ्यांपुढे आणावी लागेल. प्रत्येक यंत्राला आजच्यासारखी स्वतंत्र मोटर नसे. एकच वाफेचे इंजिन. त्यापासून निघालेले लांबच लांब लोखंडी दंड छताखाली गरगरत असत आणि त्यांवरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्रापर्यंत येत. पट्टा निसटला, की धावत्या दंडाजवळ जाऊन तो चढवायचा. सैल बाही, पदर, केस किंवा बोट त्यात अडकले, तर इंजिन थांबेपर्यंत माणूस दंडाभोवती गुंडाळला जाई.

११/२९
१८५४ साली निरीक्षकांनी बजावले की, दंड कितीही उंचावर असो, तो झाकलाच पाहिजे. गिरणीमालक खवळले. जमिनीपासून ७ फुटांहून उंच असलेल्या दंडाला कुंपण म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असा त्यांचा पक्ष. १८५५ मध्ये मँचेस्टर येथे कारखानदारांची राष्ट्रीय संघटनाच उभी राहिली. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ साप्ताहिकाने या संघटनेची जळजळीत शब्दांत खिल्ली उडवली. हॅरिएट मार्टिनो यांच्यासारख्या नामवंत लेखिकेने मालकांची बाजू घेतली. वाद वृत्तपत्रांत गाजला, पण निकाल पार्लमेंटमध्ये लागला. १८५६ च्या कायद्याने कुंपणाची सक्ती सैल केली.

१२/२९
हॉर्नर ही लढाई हरले. तरीही त्यांच्या हाती एक शस्त्र उरले होते : अहवाल. निरीक्षकांचे अहवाल ठरावीक काळाने गृहमंत्र्यांकडे जात आणि छापून प्रसिद्ध होत. किती अपघात झाले, कोणत्या यंत्राने झाले, कोणत्या मालकाला किती दंड झाला, हे सारे त्यांत असे. कार्ल मार्क्स यांच्या ‘भांडवल’ ग्रंथातील कामाच्या दिवसाविषयीचे प्रकरण बव्हंशी याच अहवालांवर उभे आहे, आणि त्यात हॉर्नर यांचा गौरवाने उल्लेख आहे. भांडवलशाहीच्या सर्वांत कठोर टीकाकाराला पुरावा पुरवला तो एका सरकारी नोकराने.

१३/२९
साठ वर्षे हा पेशा केवळ पुरुषांचा राहिला, जरी गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांची संख्या प्रचंड होती. १८९३ मध्ये मे अब्राहम आणि मेरी पॅटर्सन या पहिल्या दोन स्त्री-निरीक्षक नेमल्या गेल्या. त्यानंतर आलेल्या ल्यूसी डीन यांनी १८९८ च्या अहवालात ॲस्बेस्टॉसच्या धुळीकडे लक्ष वेधले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या धुळीचे कण काचेसारखे धारदार आणि दातेरी दिसतात आणि हवेत राहिलेल्या या धुळीचे परिणाम घातक आहेत, असे त्यांनी नोंदवले.

१४/२९
ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसच्या धुळीसंबंधी नियम झाले १९३१ साली. मध्ये गेली ३३ वर्षे. धोका दिसला होता, लिहिला गेला होता, छापलाही गेला होता. दिसणे आणि थांबवणे यांमधील अंतर किती माणसांच्या फुप्फुसांतून मोजावे लागते, याचा हा हिशेब. निरीक्षकाच्या डोळ्याला सरकारी इच्छाशक्तीची जोड नसेल, तर तो डोळा केवळ साक्षीदार उरतो.

१५/२९
१८९८ मध्येच थॉमस लेग हे ब्रिटनचे पहिले वैद्यकीय कारखाना निरीक्षक झाले. शिसे, पारा, आर्सेनिक, लोकरीतून येणारा अँथ्रॅक्स हे त्यांचे अभ्यासविषय. त्यांच्या मांडणीचे सार असे : मालकाने करण्यासारखे सर्व केल्याशिवाय कामगार स्वतःला फारसा वाचवू शकत नाही, म्हणून ‘सांभाळून काम कर’ हा उपदेश म्हणजे उपाय नव्हे. पांढऱ्या शिशाच्या रंगाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारण्यास सरकारने नकार दिला, तेव्हा १९२६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. या पेशात राजीनामा हाही एक अहवालच असतो.

१६/२९
आता मुंबईकडे वळू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील दोन दशकांत गिरणगाव आकाराला आले. यंत्रे लँकेशायरची, इंजिन तिकडचे, छताखालचे गरगरणारे दंडही तसेच. फक्त त्या यंत्रांसोबत इंग्लंडमध्ये आलेला कायदा आणि निरीक्षक मात्र बोटीवर चढले नव्हते. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही लांबलचक.

१७/२९
१८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. कायद्याची गरज नाही, असे मत आयोगात बहुमताने पडले. येथे एक गुंता समजून घेतला पाहिजे. भारतात कारखाना कायदा व्हावा, ही मागणी ब्रिटनमध्ये जोराने होत होती. तिच्यामागे लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्यासारख्यांची कळकळ होती, तशीच मुंबईच्या स्पर्धेला घाबरलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांची चिंताही होती. त्यामुळे आपल्याकडील बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला. हेतू संशयास्पद होता, हे खरे. पण यंत्रात अडकणाऱ्या हाताला हेतूंचा भेद कळत नव्हता.

१८/२९
याच काळात सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी सुधारकाने १८७८ मध्ये स्वतः एका विधेयकाचा मसुदा तयार केला. मुंबईच्या कायदेमंडळात तो मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. तरी विषय मागे पडला नाही. १८८१ मध्ये भारताचा पहिला कारखाना कायदा झाला. १०० वा अधिक माणसे असलेल्या यांत्रिक कारखान्यांना तो लागू होता. ७ वर्षांखालील मुलांना बंदी, ७ ते १२ वयाच्या मुलांना ९ तास, महिन्याला चार सुट्या, यंत्रांना कुंपण आणि अपघातांची खबर. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी मात्र एक अक्षर नाही.

१९/२९
आणि निरीक्षक? प्रांतिक सरकार खास निरीक्षक नेमू शकत होते. तसा नेमला नाही, तर जिल्हा मॅजिस्ट्रेट हाच हुद्द्याने निरीक्षक. महसूल, फौजदारी, दुष्काळ, बंदोबस्त हे सारे ज्याच्या शिरावर, त्याने फावल्या वेळी धावत्या दंडांची तपासणी करायची! १८०२ मध्ये इंग्लंडने केलेली चूक जवळजवळ ऐंशी वर्षांनी भारतात पुन्हा झाली. तेथे बिनपगारी पाहुणा होता, येथे सवड नसलेला साहेब.

२०/२९
मुंबई सरकारला ही उणीव जाणवली. १८८२ मध्ये ब्रिटनच्या कारखाना निरीक्षण सेवेतील मीड-किंग यांना मुंबईत आणण्यात आले. त्यांनी गिरण्या पाहिल्या आणि कायद्याच्या त्रुटींवर बोट ठेवले. त्यानंतर १८८४ मध्ये मुंबईत दुसरा आयोग बसला. या वेळी मात्र एक नवा आवाज आयोगापुढे आला. तो साहेबाचा नव्हता, शेटजीचाही नव्हता.

२१/२९
तो आवाज नारायण मेघाजी लोखंडे यांचा होता. ठाण्यात जन्मलेले, सत्यशोधक विचारांचे, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, आणि काही काळ एका गिरणीत भांडारपालाचे काम केलेले. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांनी परळ भागात गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाला दिले. मागण्या पाच : रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, आणि पाचवी मागणी अपघाताविषयीची.

२२/२९
ही पाचवी मागणी जपून वाचावी अशी आहे. कामावर गंभीर इजा झाली, तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण वेतन मिळावे. आणि कायमचे अपंगत्व आले, तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये. लोखंडे आणि त्यांचे सहकारी त्याच्या ३९ वर्षे पुढे होते. विद्वानांच्या आयोगाला न सुचलेली गोष्ट सही आणि अंगठ्यांच्या कागदावर लिहिलेली होती, कारण ती लिहिणाऱ्यांनी तुटलेली बोटे पाहिली होती.

२३/२९
२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या नव्या कारखाना आयोगावर बंगाली सदस्य होते आणि लोखंडे यांनी मुंबईच्या कामगारांच्या वतीने आयोगाला साहाय्य केले. १८९१ च्या कायद्याने मुलांचे किमान वय ९ केले, स्त्रियांना ११ तासांची मर्यादा घातली, आठवड्याची सुटी व दुपारची विश्रांती दिली. १८९७ च्या प्लेगने लोखंडे यांना नेले.

२४/२९
कायदा सुधारला, डोळा मात्र अधू राहिला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताने घातलेली नैसर्गिक मर्यादाही मोडली. कामाचा दिवस रात्रीत शिरला. १९०७-०८ च्या आयोगाला आढळले की, हुद्द्याने निरीक्षक असलेले अधिकारी वेळेअभावी आणि तांत्रिक ज्ञानाअभावी निष्प्रभ ठरले आहेत. एकच मूल दोन दाखले घेऊन एका दिवसात दोन गिरण्यांत राबते, हेही उघड झाले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या दिवसाला प्रथमच १२ तासांची मर्यादा घातली आणि पूर्णवेळ, जाणकार निरीक्षकाची गरज मान्य होत गेली.

२५/२९
पुढचा टप्पा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कारकिर्दीतला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९४५ मध्ये केंद्र सरकारात कारखान्यांविषयीच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय सुरू झाले. तेच पुढे वाढत जाऊन आजची केंद्रीय कारखाना सल्ला व श्रम संस्थांची यंत्रणा झाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. निरीक्षकाला प्रवेशाचा, तपासणीचा आणि नोंदवह्या मागण्याचा अधिकार त्याने स्पष्ट शब्दांत दिला. १९७६ च्या दुरुस्तीने १,००० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला.

२६/२९
मग २ व ३ डिसेंबर १९८४ ची ती रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. पूर्वसूचना नव्हत्या असे नाही. १९८१ मध्ये त्याच कारखान्यात वायुगळतीने कामगाराचा मृत्यू झाला होता; पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून शहराला सावध करत होते. दुर्घटनेनंतर वृत्तपत्रांच्या शोधात दिसून आले की, मध्य प्रदेशात ८,००० हून अधिक कारखान्यांना निरीक्षक होते १५, आणि भोपाळ पाहणारे दोघे यांत्रिकी अभियंते होते. पट्टा आणि दंड ओळखणारा डोळा टाकीतल्या अदृश्य रसायनापुढे उभा होता.

२७/२९
म्हणून १९८७ ची दुरुस्ती महत्त्वाची. धोकादायक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण आले : जागा निवडण्याआधी छाननी, कामगारांना आणि परिसरातील लोकांना धोक्याची माहिती, कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती. शिवाय जीविताला तातडीचा धोका दिसताच तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. १८८४ मध्ये परळच्या सभेत जे घडले त्याला कायद्याने एका शतकानंतर मान दिला. फाटकाबाहेरून येणारा एक डोळा पुरेसा नाही. आत राबणाऱ्या डोळ्यांनाही अधिकार हवा.

२८/२९
आज हा पेशा अनेक शाखांचा झाला आहे. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही निरीक्षण यंत्रणा आहे. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेची पदविका देणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. परळच्या श्रमविज्ञान संस्थेला तर लोखंडे यांचेच नाव आहे. अभियंता, रसायनशास्त्रज्ञ, वैद्य, कायदेतज्ज्ञ, सर्वांना येथे जागा आहे. २०२० च्या संहितेने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत २५० कामगारांपासून, तर इतर कारखान्यांत ५०० पासून सुरक्षा अधिकारी बंधनकारक ठरवला. निरीक्षकाचे नाव मात्र बदलून ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ केले. समर्थक म्हणतात, मालकाला मार्गदर्शन हवे. टीकाकार विचारतात, मार्गदर्शक झालेला माणूस खटला भरेल का? दोन्ही बाजूंचे मुद्दे हॉर्नर यांना ओळखीचे वाटले असते.

२९/२९
सुरक्षा अधिकाऱ्याचा पगार कारखाना देतो, निरीक्षकाचा सरकार. पहिल्याला कारखाना आतून कळतो, पण नोकरी त्याच मालकाची. दुसरा स्वतंत्र असतो, पण वर्षाकाठी काही तासच आत असतो. या पेशात शिरू पाहणाऱ्याने हा पेच पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. हॉर्नर, डीन, लेग, लोखंडे यांच्यापैकी कोणालाही सर्व लढाया जिंकता आल्या नाहीत. त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले, आणि ते लिखाण पुढच्या पिढीच्या कायद्यात उतरले. अपघात टळला, की त्याची बातमी होत नाही. त्यामुळे या पेशातील यशाचा पुतळा कोठे उभा राहत नाही. संध्याकाळी भोंगा झाल्यावर फाटकातून जितकी माणसे आत गेली तितकीच धडधाकट बाहेर येतात, एवढीच त्याची खूण.